सरडेरावाच्या काळ्या चौकटी

आधीच सांगून ठेवते. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. कागद आला, शिक्का मारला, पुढं पाठवला. ज्या गोष्टीवर शिक्का मारता येत नाही ती माझ्या डोक्यात शिरत नाही.

तरी लिहायला बसले, कारण मध्यंतरी इथंच कुणीतरी विचारलं होतं — "पूर्वी इंटरनेटवर 'सरडेराव हवालदार' नावाची मराठी कॉमिक्स यायची, कुणाला आठवतात का?" खाली पाच-सात जणांनी आठवतात म्हणून लिहिलं. पण एकाकडेही एक पान नव्हतं. शेवटी एका शहाण्यानं लिहिलं, "असं काही नव्हतंच, तुम्हा सगळ्यांना भास झाला असणार." वाचून माझं डोकंच फिरलं. ती कॉमिक्स माझ्या सख्ख्या भावाची होती. तो भास नव्हता. त्याला दोन वेळचा वरण-भात मी वाढत होते.

आमचं घर पांढरकवड्याचं. बाबा तहसीलमध्ये कारकून. ते आणि आई गेल्यावर घरात मी आणि दादा, दोघंच. त्यानं लग्न केलं नाही, माझं झालं नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि इथं लिहायची नाहीत. समोरच्या खोलीत त्याची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आधी नुसत्या खडखडणाऱ्या मशिनी, मग त्याच्या जोडीला जुने घेतलेले दोन कॉम्प्युटर. आसपासच्या गावांतली, तांड्यांवरची पोरं-पोरी सरकारी नोकरीच्या आशेनं टायपिंग शिकायला यायची. दुपारी क्लास नसला की दादा कॉम्प्युटरवर पेंट उघडून माउसनं चित्रं काढायचा. वही नाही, पेन्सिल नाही. माउसनं चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीनं सही करणं, पण त्याचा हात बसला होता.

सरडाच काहून, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "अवं, सरड्याले रंग द्याले एक क्लिक लागते. बाकीच्या जनावरायचं लय झंझट आहे." पेंटमध्ये रंगाची बादली असते, ती आकारावर ओतली की आकार भरतो. तर हा सरडेराव नागपूर-हैदराबाद हायवेवर ड्युटीला असलेला हवालदार. शिस्तीचा, वक्तशीर. फक्त एक अडचण, जिथं उभा राहील तिथल्यासारखा होऊन जातो. कापसाच्या गाडीजवळ पांढरा, ट्रकजवळ नारिंगी. त्यामुळं तो कुणाला दिसतच नाही. तो शिट्टी मारतो, सगळे थांबतात, इकडेतिकडे बघतात आणि निघून जातात. पोरं हसून लोळायची. मला मात्र ते वाचून कधीकधी त्या हवालदाराची कीव यायची. दादाला ते सांगितलं की म्हणायचा, "तू काहीही मनावर घेतं."

ते दिवस कसे होते हे यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. कापसाचं सगळं बसलं होतं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. एकदा शहरातून कुणीतरी दादाला फोन केला, की तुम्ही तिथं राहता तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर कॉमिक्स का काढत नाही? दादा बराच वेळ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "त्या घरचेच पोरं येतेत जी माह्याकडं टायपिंगले. त्याईले तेच दाखवू का?" आणि फोन ठेवला. त्या दिवशी वरणात मीठ कमी होतं, तरी त्यानं ते तसंच खाल्लं.

आता काळ्या चौकटींचं सांगते, कारण सगळं तिथं येऊन अडतं.

त्या वर्षांत भारनियमन असं होतं की दिवसातून लाईन किती वेळ असेल याचा भरवसा नाही. यूपीएस होता, पण त्यातली बॅटरी कधीच मेली होती. तो फक्त टुंई-टुंई करून बातमी द्यायचा. पेंटमध्ये आपण सेव्ह केल्याशिवाय काही राहत नाही. आणि दादाचा हट्ट असा, की चौकट पूर्ण झाल्याशिवाय सेव्ह करायची नाही. प्रत्येक चौकट वेगळी फाईल. मी म्हणायचे, अरे मध्येमध्ये बटण दाबायला काय हात मोडतात का? तर म्हणे अर्धी चौकट सेव्ह केली की मग ती अर्धीच राहते, मन भरून जातं. त्यामुळं व्हायचं काय, की चौकट काढता काढता लाईन जायची आणि चित्र जायचं. ती चौकट तो पुन्हा कधीच काढत नसे. तिच्या जागी काळा चौकोन टाकायचा आणि पुढची काढायला घ्यायचा. तिथं काय होतं ते कुणालाही सांगायचा नाही. पोरांनी विचारलं तर म्हणायचा, "तिथं लाईन गेलती."

बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तो ही पानं त्याच्या फुकटच्या वेबसाईटवर टाकायचा. एकदा पुण्याहून कुणाची तरी लांबलचक मेल आली, की तुमच्या काळ्या चौकटींतलं मौन फार अस्वस्थ करतं, वगैरे. दादानं ती मला वाचून दाखवली. म्हणाला, "काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, लिही की लाईन गेलती. त्यानं खरंच तसं लिहिलं. मग पुण्याहून पुन्हा मेल नाही.

अशा गेलेल्या चौकटींपैकी एक मी पाहिली होती. एकच. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि मी त्याच्या खुर्चीमागं उभी होते. कापसाच्या ट्रकवर बसलेला सरडेराव, पांढराफट्ट, दिसतायत ते फक्त डोळे आणि शिट्टी. दादानं शिट्टीवर हिरवा रंग ओतला. पण शिट्टीच्या रेघेत कुठंतरी बारीकशी फट राहिली होती. अशी फट राहिली की रंग बाहेर गळतो. तसा तो गळाला आणि सगळं आभाळ एका झटक्यात हिरवंगार झालं. दादा खो-खो हसायला लागला. म्हणाला, "राहू दे, हिरवं आभाळ कोणाच्या बापानं पाह्यलं?" — आणि लाईन गेली. त्या भागात तिथं काळा चौकोनच लागला.

शेवटच्या भागात सरडेरावाला सुट्टी मिळते. तो हायवे सोडून गावात शिरतो आणि एकेका घरात डोकावत जातो. कुठल्या घरात थांबतो ते शेवटच्या चौकटीत कळणार होतं. वाचणाऱ्यांच्या मेली यायच्या, कुठं थांबला म्हणून. दादा मलाही सांगत नव्हता.

एक दिवस दुपारी त्यानं माझ्या ऑफिसात फोन केला. तो कधी फोन करत नसे. म्हणाला, "कुंदे, आज लवकर येजो. शेवटची चौकट होऊन राह्यली. लाईन जायच्या आत ये, तुले दाखवाची आहे." मी साहेबांना सांगून निघाले. तरातरा चालत आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळले आणि कोपऱ्यावरच्या डीपीतून — डीपी म्हणजे आमच्याकडे विजेचा ट्रान्सफॉर्मर — मोठा आवाज आला आणि धूर निघाला. घरात आले तर दादा काळ्या स्क्रीनसमोर बसलेला.

"गेली," तो म्हणाला.

"सेव्ह केलं होतं का?"

"नाही ना."

"मग सांग तरी, काय होतं?"

तो हसला. "सांगून काय मजा? डीपी येऊ दे. ही एक चौकट मी पुन्हा काढतो. बाकी कोणतीच नाही काढली, ही काढतो. तुले दाखवाचीच आहे."

जळलेली डीपी त्या काळी लवकर बदलून मिळत नसे. गल्ली अंधारात होती. आणि नवी डीपी यायच्या आधीच, एका सकाळी, दादा झोपेतून उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. वय काही जाण्याचं नव्हतं. गल्लीत लाईन परत आली ती त्याच्या दहाव्यानंतर. दिवा लागला तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, चला, आली बाप्पा एकदाची. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तेरावं झाल्यावर ललिता आली. ललिता राठोड, केळापूरकडच्या तांड्यावरची, दादाची आवडती विद्यार्थिनी. टायपिंगला तिचा हात कुणी धरू शकत नसे. मी तिला म्हटलं, हा कॉम्प्युटर घेऊन जा, मला तो डोळ्यांसमोर नको. दादा गेल्यापासून मी तो सुरूसुद्धा केला नव्हता. ती ऑटोत घालून घेऊन गेली. पुढं दादाची ती फुकटची वेबसाईट चालवणारी कंपनीच बंद पडली आणि सरडेराव इंटरनेटवरूनही गेला. एक सीडी होती घरी, तिच्यावर बुरशीचे डाग पडले होते; ती कुठंच वाचली जात नव्हती. दादाची आठवण म्हणून माझ्याकडे उरला फक्त त्याचा चष्मा आणि भिंतीवरचा फोटो. मी रिटायर झाले, एकटीच राहते. शेवटच्या चौकटीत काय होतं, हा एक प्रश्न तेवढा अंगाला चिकटून राहिला. बाकी सगळं सुटत गेलं.

मग इथं तो धागा वाचला. भास झाला म्हणे. दुसऱ्या दिवशी मी ऑटो केला आणि तांडा गाठला.

ललिताची पोरं आता कॉलेजात आहेत. मला पाहून ती रडायलाच लागली. मी म्हटलं, रडणं नंतर कर, तो कॉम्प्युटर आहे का भंगारात दिला?

"कसा देईन जी ताई? सरचा आहे."

दिवाणाखालून तिनं साडीत गुंडाळलेला सीपीयूचा डबा ओढून काढला. चार-सहा महिने चालला, मग बंद पडला, म्हणाली. तेव्हापासून दर दसऱ्याला त्याची पूजा होत होती. त्याच्या पोटावर हळदी-कुंकवाचे थर, वरच्या फटींमधून आत गेलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. तिची सासू दारातून बघत होती. तिला वाटलं असावं, मी तिचा देव न्यायला आले.

तो डबा घेऊन मी पांढरकवड्यात फारुखभाईंच्या दुकानात गेले. मोबाईल, कॉम्प्युटर सगळं दुरुस्त करतात. त्यांनी उघडला तर आतून मूठभर झेंडू निघाला. "मॅडम, ये तो मंदिर है," म्हणाले. पण आतली हार्ड डिस्क काढून त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली, आणि दुपार कलता कलता फाईली दिसायला लागल्या. सरडेराव. प्रत्येक भागाचं एकेक फोल्डर, आत आकड्यांनी नावं दिलेल्या चौकटी. मी खुर्ची ओढून बसले. सुरुवातीची पानं पाहून मला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, फारुखभाईंनी गुपचूप पाण्याची बाटली सरकवली.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की काळी चौकट एकही नाही.

मी म्हटलं, फारुखभाई, मागं घ्या. पुन्हा पहिल्यापासून. नाही. जिथं जिथं काळा चौकोन होता तिथं तिथं चित्र होतं. दादाच्याच हातचं, तीच थरथरती रेघ, तीच शिट्टी धरायची तऱ्हा. बहुतेक मी कधी पाहिलेली नव्हती. आणि मग ती आली... ट्रकवर पांढरा सरडेराव आणि वर हिरवंगार आभाळ.

मी अशी घाबरणारी बाई नाही. ऑफिसात कपाटाखाली साप निघाला होता तेव्हा शिपायाला काठी मी आणून दिली होती. पण ते आभाळ पाहून मी खुर्ची मागं सरकवली. ती चौकट माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. सेव्ह नव्हती झालेली.

"बनाने की तारीख देखें?" फारुखभाईंनी विचारलं. पाहिली. काही उपयोग नाही. त्या कॉम्प्युटरच्या आतली बारकी बॅटरी तेव्हाही मेलेली होती, रोज सुरू केला की तारीख कुठल्यातरी जुन्या जानेवारीवर जाऊन बसायची. सगळ्या फाईलींवर तोच जानेवारी.

शेवटचा भाग उघडायला मी नको म्हणत होते. खरंच नको म्हणाले. फारुखभाई म्हणाले, इतनी दूर आए हो, देख लो.

शेवटची चौकट होती.

आमची समोरची खोली. पिवळा बल्ब लागलेला. खुर्चीत दादा — त्यानं आयुष्यात कधी स्वतःचं चित्र काढलं नव्हतं — माउसवर हात ठेवून, मान वळवून बघतोय. मॉनिटरच्या डोक्यावर सरडेराव बसलाय, बल्बसारखा पिवळा होऊन. म्हणजे तो आमच्या घरी थांबला. आणि दादाच्या खुर्चीमागं एक बाई उभी आहे, खांद्याला पर्स, एका हातात चप्पल.

"ये आप ही हो ना?" फारुखभाई म्हणाले.

चपलेचं वर लिहिलं नाही, कारण तोवर मला ते आठवतच नव्हतं. त्या दिवशी ऑफिसातून तरातरा येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी ती हातात धरून घरात शिरले होते, एक पाय अनवाणी. दादा फोनवर बोलला तेव्हा चप्पल धड होती. ती वाटेत तुटली, आणि ती हातात घेऊन मी घरात आले त्याच्या आधीच लाईन गेलेली. आणि त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत आमच्या घरात लाईन आली नाही. मग हातात चप्पल असलेली मी त्यानं काढली कधी?

मी तिथूनच ललिताला फोन लावला. म्हटलं, खरं सांग, तू काढलंस का हे?

"मी जी? मले गोल काढता येत नाही ताई."

"मग तू पाहिलं होतंस?"

"हो जी. आणला तेव्हाच उघडून पाह्यलं. तुमचं अन् सरचं चित्र. मले वाटलं तुम्हीच काढलं, सर गेल्यावर. म्हणून काही इचारलं नाही."

यावर मी खूप विचार केला आहे. इथले लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. माझ्या एका मैत्रिणीनंही तेच सांगितलं, की दुःखात माणूस काहीबाही करतो आणि विसरतो. लाईन आल्यावर आणि ललिता यायच्या आधी तूच बसून काढलं असशील. असेल. मी नाही म्हणत नाही, पण मला सरळ रेघ काढता येत नाही, रांगोळीसुद्धा मी छापाची घालते. आणि ज्या चौकटी मी कधी पाहिल्याच नाहीत, त्या कुणी भरल्या? ज्याला उत्तर येत असेल त्यानं खाली लिहावं. मी वाचीन. वाद घालणार नाही, तेवढी ताकद आता नाही.

सगळे भाग मी पेनड्राईव्हवर घेतलेत आणि लवकरच इथं टाकीन, म्हणजे भास झाला म्हणणाऱ्याचं तोंड बंद होईल. शेवटची चौकट टाकणार नाही. ती माझी आहे.

ती मी रोज बघते. त्या चित्रात मॉनिटरची पाठ आपल्याकडे आहे. स्क्रीनवर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पण त्या बाईला दिसतंय. दादानं दाखवायचं म्हणून बोलावलं ते ती बघते आहे, आणि तोंडावर हात ठेवून हसते आहे. लाईन आहे, दादा आहे, ती वेळेवर पोहोचली आहे. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार हेवा वाटतो.